बाहीतला सौदा

एप्रिलच्या दुपारी सोलापुरात रस्त्यावर पाच मिनिटं उभं राहून बघावं, म्हणजे केसाळ कातड्याचा कोट वारशात मिळणं ही केवढी थट्टा आहे ते ध्यानात येतं. तानाबाईच्या वाट्याला ती आली. काळाभोर, बारीक कुरळ्या केसांचा, पोटरीपर्यंत लांब, आतून रेशमी अस्तराचा विलायती कोट. वजनाला वर्षाच्या पोराएवढा. ती ज्यांच्याकडं कामाला होती त्या डॉक्टरबाई जानेवारीत, सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा उठता उठता गेल्या. दिवसकार्य आटोपल्यावर त्यांच्या कपाटात चिठ्ठी सापडली. घर पुतण्याला, पुस्तकं कॉलेजला, आणि शेवटच्या ओळीत, ‘कोट तानाबाईला. तिनंच तो जगवला.’

चिठ्ठी वाचून दाखवली पुतण्यानंच. नंदीश बिराजदार, चादरी-टॉवेलचा व्यापारी. माणूस मनानं चांगला, फक्त कुठलीही वस्तू समोर आली की त्याला आधी तिचा भाव सुचतो आणि मग तिचं नाव. तो ओळ वाचून हसला, जमलेले पाव्हणेही हसले. अठरा वर्षं बाईनं सेवा केली आणि मिळालं काय, तर सोलापुरात घालायला कोट. तानाबाई मात्र हसली नाही. ‘जगवला’ हा शब्द डॉक्टरबाईंनी का वापरला हे त्या खोलीत तिला एकटीलाच माहीत होतं.

तानाबाई मूळची मंगळवेढ्याकडची. मेंढपाळाच्या घरात जन्मली आणि मेंढपाळाच्याच घरात दिली. लग्नात बापानं दोन मेंढ्या दिल्या होत्या, त्यांची वीस वर्षांत बेचाळीस जनावरांची खांड झाली. खांड म्हणजे कळप, पण कळप म्हटलं की ती नाक मुरडायची. कळप कुणाचाही असतो, खांड आपली असते. मग ओळीनं तीन वर्षं पाऊस रुसला. रान करपलं, विहिरी आटल्या, आणि एका रविवारी तिचा नवरा श्रीमंत सगळी खांड घेऊन सांगोल्याच्या बाजारात उभा राहिला.

त्या बाजारात जनावराचा भाव तोंडानं बोलत नाहीत. विकणारा आणि घेणारा टॉवेलाखाली हात घालतात आणि एकमेकांची बोटं धरून सौदा करतात. शेजारी सख्खा भाऊ उभा असला तरी त्याला आकडा कळत नाही. तानाबाई त्या दिवशी नवऱ्याच्या मागं उभी होती. टॉवेल तिच्यासमोरच थरथरत होता. श्रीमंतचा हात कापत होता आणि आतल्या दुसऱ्या हाताला ते कळत होतं. ज्याचा हात कापतो त्याची गरज उघडी पडते. बेचाळीस मेंढ्या मातीमोल गेल्या. श्रीमंत पुढं चार वर्षंसुद्धा जगला नाही, आणि तानाबाई मुलाबरोबर सोलापुरात आली. बिभीषण टॉवेलच्या कारखान्यात लागला, ती डॉक्टरबाईंकडं. गाव सोडताना तिनं एकच गोष्ट ठरवली होती. परत यायचं तर मेंढ्यांच्या मागून चालत यायचं, रिकाम्या हातानं एसटीतून उतरायचं नाही.

डॉ. गुरम्मा बिराजदार म्हणजे सोलापुरातल्या तीन पिढ्यांना जन्माला घालणाऱ्या डॉक्टरीणबाई. साठ वर्षांपूर्वी शिकायला एडिंबराला गेल्या होत्या. तिथं पहिल्याच हिवाळ्यात छातीत कफ भरून त्या मरता मरता वाचल्या, तेव्हा घरमालकिणीनं आपला जुना कोट त्यांच्या अंगावर टाकला. गळ्यात इष्टलिंग असलेली, अंड्याचं भांडंसुद्धा न शिवणारी मुलगी आणि अंगावर मेलेल्या जनावराचं कातडं. रोज पूजेआधी तो उतरवायचा, आंघोळ करायची, आणि बाहेर पडताना पुन्हा घालायचा, असे त्यांनी तीन हिवाळे काढले. परत आल्यावर तो त्यांना घालवत नव्हता आणि टाकवतही नव्हता. जीव वाचवणारी वस्तू टाकायची कशी? आतल्या अंधाऱ्या खोलीत लोखंडी ट्रंकेत पडून राहिला. घरातलं कुणी त्याला हात लावेना, कारण कातडं.

तानाबाई कामाला लागली त्याच वर्षी उन्हाळ्याच्या साफसफाईत ती ट्रंक उघडली. पुतण्याची बायको खोलीबाहेर थांबली, म्हणाली, तुम्हीच काढा बाई. तानाबाईनं कोट उचलला, केसांत बोटं घातली आणि तिथंच खाली बसली. डॉक्टरबाई धावत आल्या, त्यांना वाटलं उन्हानं चक्कर आली.

“बाई, ह्ये जावळ हाय,” तानाबाई म्हणाली. “दोन दिसाच्या कोकराचं. पयलं न्हाणसुद्धा झालं नसंल त्याचं.”

डॉक्टरबाईंना इतकी वर्षं ते कुठल्यातरी रानटी जनावराचं वाटत होतं. तानाबाईनं मग अस्तरावरून हात फिरवत एकेक जोड मोजला. प्रत्येक जोडाला एक कोकरू, अशी सव्वीस कोकरं भरली. तिनं आजवर कितीतरी अशी कोकरं मांडीवर घेऊन बाटलीनं दूध पाजून वाढवली होती. डोळ्यांत पाणी आलं आणि रागही आला, पण राग काढायचा कुणावर? शेवटी म्हणाली, गेली ती गेली, आता ह्यांना वाळून मरू द्यायचं नाही.

तेव्हापासून कोट तिच्या ताब्यात गेला. ट्रंक बंद. घोंगडीचे तुकडे गुंडाळून तिनं रुंद खांद्यांचा हँगर केला आणि कोट जुन्या सुती लुगड्यात गुंडाळून आतल्या अंधाऱ्या खोलीत, पाण्याच्या रांजणाशेजारी टांगला. सोलापूरचं ऊन कातडं दोन उन्हाळ्यांत पापड करतं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. वर्षातून दोनदा संध्याकाळी सावलीत हवा द्यायची, केस पडतील त्याच दिशेनं हात फिरवायचा, वाळवलेला कडुनिंब खिशात घालायचा. नंदीशची बायको धनलक्ष्मी दर मे महिन्यात घरातली सगळी गरम कापडं गच्चीवर उन्हात टाकायला लावायची, तेव्हा तानाबाई कोट घेऊन न्हाणीघरात लपायची. अठरा वर्षं. डॉक्टरबाई चेष्टेनं विचारायच्या, काय तानाबाई, खांड बरी आहे ना? आणि ती खरोखर सांगायची, बरी हाय की.

आता ती खांड तिच्या घरी आली, आणि घर म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या. फेब्रुवारीत काही वाटलं नाही. मार्च उजाडला आणि पत्रा दुपारी बोलायला लागला. तानाबाईनं कोट माठाशेजारी टांगला, लुगडं ओलं करून आडवं बांधलं, पण बोटांना कळत होतं, बगलेतलं कातडं आखडायला लागलंय. हा एक उन्हाळासुद्धा तो इथं काढणार नाही. ठेवला तर मरणार, म्हणजे विकायला हवा. आणि विकायचा म्हटल्याबरोबर अठरा वर्षं दाबून ठेवलेलं मनात वर आलं. किती मेंढ्या येतील?

तिनं हे बिभीषणला बोलून दाखवलं. तो वाईट नाही, पण दिवसभर मागाच्या खडखडाटात उभा राहून आलेला माणूस. म्हणाला, आई, साठी झाली तुझी, आता कुठं रानावनात फिरतेस, आणि तो कोट इथं घेतो कोण? त्याचं म्हणणं काही खोटं नव्हतं. तिला ते झोंबलं एवढंच.

पहिला भाव केला गल्लीत येणाऱ्या भांडीवालीनं. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी ती बाई. तिनं कोट उलटासुलटा केला, नाकाला लावला आणि झाकण नसलेलं एक स्टीलचं पातेलं पुढं केलं. तानाबाईनं तिला पाणी पाजून वाटेला लावलं. दुसरा भाव ड्रायक्लीनिंगवाल्यानं केला. हे नायलॉन आहे मावशी, म्हणाला, नाटकवाल्यांना चालेल, पाचशे देतो. तानाबाईनं त्याला विचारलं, तू कधी मेंढी बघितलीस का? तो म्हणाला, ताटात. ती तिथून उठली.

तिसरा होता नंदीश. त्याला भाव करायचाच नव्हता. त्यानं मोबाईलवर वन्यप्राण्यांच्या कायद्याचं काहीबाही वाचलं होतं आणि घाबरून तो रिक्षानं पत्र्याच्या घरी आला. वाघाबिघाचं निघालं तर तुमच्यासकट मला आत टाकतील, जाळून टाका एकदाचं, म्हणाला. तानाबाईनं त्याला चहा दिला आणि शांतपणे सांगितलं की ही मेंढी आहे. त्याला पटलं नाही. ज्यानं जन्मात कातड्याला बोट लावलं नाही त्याला कसं पटणार? पण तो काही न जाळता गेला, हे त्याच्या खाती जमा करायला हवं.

शेवटी नातीनं, प्रियंकानं, वाट काढली. ती कॉलेजात जाते आणि आजीचं सगळं तिला पटतं. तिनं कोटाचे फोटो काढून चार ठिकाणी पाठवले. तिघांनी उत्तर दिलं नाही. चौथ्या पुण्याच्या एक बाई होत्या. जुने कपडे गोळा करून शूटिंगला आणि प्रदर्शनांना भाड्यानं द्यायचा त्यांचा धंदा. त्यांनी स्पष्ट सांगितलं की वस्तू खरी दिसते, पण सोलापुरात साठ वर्षं राहिलेलं कातडं आतून संपलेलं असणार, अपेक्षा ठेवू नका. तरी पुढच्या आठवड्यात जुन्या साड्यांसाठी त्या सोलापूरला येणारच होत्या, तेव्हा बघून जाते म्हणाल्या. तानाबाईच्या गल्लीत मोटार शिरत नाही, म्हणून डॉक्टरबाईंच्या घराचा पत्ता दिला. नंदीशला हे कळलं आणि तो त्या दिवशी दुकानात गेलाच नाही.

पुण्याच्या बाई आल्या, चष्मा पुसला, ओसरीवर पांढरी चादर अंथरायला सांगितली आणि त्यावर कोट पसरला. मग छोट्या कात्रीनं बगलेतल्या अस्तराचे चार टाके उसवले. आतलं कातडं दोन बोटांत धरलं, दुमडलं आणि कान जवळ नेला. कोरडं कातडं दुमडलं की कुरकुरतं आणि तिथंच चिरतं, आणि मग कोट चिंधीच्या भावानं जातो. तानाबाईनं पदर तोंडात धरला होता. पत्र्याखाली आखडायला लागलेलं तेच तर ठिकाण होतं.

आवाज आला नाही. कातडं चपातीसारखं दुमडलं आणि सोडल्यावर सरळ झालं. बाईंनी दुसरी बगल उघडली, मग कॉलर, मग पाठ. नंदीशनं तीनदा विचारलं, केवढ्याचा असेल? त्यांनी तिन्ही वेळा ऐकलं नाही.

“हा खरंच सोलापुरात होता?” त्यांनी शेवटी विचारलं. “मुंबईत एसीच्या कपाटात ठेवलेले असे कोट माझ्या हातात फाटलेत. कुणी सांभाळला हा?”

नंदीशनं तानाबाईकडं बोट केलं. ती उभी होती, ती तशीच उभी राहिली.

“उनाला दावलं न्हाई, पेटीत कोंडलं न्हाई,” ती म्हणाली. “रांजणापाशी ठिवलं. तान्ह्या लेकराचं करावं तसं केलं, दुसरं काय.”

नंदीशनं वाघाची भीती बोलून दाखवली, तेव्हा बाईंनी त्याला समजावून सांगितलं की यात वाघबीघ काही नाही, हा कराकुल नावाच्या जातीच्या मेंढीच्या कोकरांचा कोट आहे, अगदी दोन-तीन दिवसांच्या. तानाबाई म्हणाली, ते मला अठरा वर्षं झाली ठाऊक आहे. एवढं बोलताना तिच्या आवाजात जी ऐट आली ती तिची तिलाच आवडली, आणि का आवडू नये?

आता बाईंनी विचारलं, कोटाचे मालक कोण? नंदीश क्षणभर घुटमळला. आत्याची वस्तू, असं त्यानं सुरू केलं. घराण्याची आठवण, असंही पुढं म्हणाला. मग स्वतःच आत गेला, चिठ्ठी घेऊन आला आणि शेवटची ओळ मोठ्यानं वाचली. ‘जगवला’वर तो यावेळी अडखळला. चिठ्ठी त्यानं तानाबाईच्या हातात दिली आणि बाजूला झाला. फक्त कान बाजूला झाले नाहीत. भाव ऐकल्याशिवाय त्याला त्या रात्री झोप लागली नसती.

बाईंनी आकडा सांगायला तोंड उघडलं आणि तानाबाईनं हात आडवा केला.

“बाई, आमच्यात जनावराचा सौदा तोंडानं न्हाई करत,” ती म्हणाली. “सव्वीस जनावरं हायती ही.”

तिनं चादरीवरून कोट उचलला, एक बाही मोकळी केली आणि कफाच्या बाजूनं हात आत घातला. बाईंना म्हणाली, तुम्ही खांद्याकडून घाला. पुण्याच्या बाई हसल्या, पण बांगड्या मागं सारून त्यांनीही हात घातला. तानाबाईनं त्यांच्या कानात सांगितलं की एक बोट म्हणजे एक मेंढी, आणि चांगली मेंढी आज बारा हजारांना आहे. त्यांनी मान डोलावली. ओसरीवर दोन बाया एका बाहीत हात घालून उभ्या आणि तिसरा माणूस मान लांब करून त्या बाहीकडं बघतोय, असं ते दृश्य होतं.

आत बाईंनी तानाबाईची तीन बोटं धरली. तिनं ती झटकली आणि त्यांचा सगळा पंजा आवळला, सोडला, पुन्हा दोन बोटं धरली. सात. बाईंनी चार धरली. तानाबाईनं तोंडावरची रेघ हलू दिली नाही. श्रीमंत इथंच हरायचा. बाहीतल्या रेशमाला थंडावा होता आणि तिचा हात त्यात दगडासारखा स्थिर होता. तिला स्वतःलाच त्याचं नवल वाटलं. कापेल असं वाटलं होतं. पण हिला माल किती हवाय ते समोरच्या तळव्याला सुटलेल्या घामावरून कळत होतं. बाईंनी पंजा धरला. तिनं पुन्हा सात दाबले. मग पंजा, आणि त्यानंतर हळूच एक बोट. सहा. तानाबाईनं ते मान्य केलं आणि वर अंगठा धरला. अंगठ्याचा अर्थ कुणाला माहीत असणार, तो तिनं तेव्हाच ठरवला होता. म्हणून ती बाईंच्या कानाशी झुकली आणि म्हणाली, मेंढ्या घेतल्या तर एक मेंढा नको का?

पुण्याच्या बाई इतक्या मोठ्यानं हसल्या की धनलक्ष्मी आतून बाहेर आली. त्यांनी अंगठा घट्ट दाबला. सौदा झाला.

“केवढ्याला गेला?” नंदीशनं विचारलं.

“गेला की चांगला,” तानाबाई म्हणाली, आणि उसवलेले टाके घालायला सुई मागितली. कोट देताना तो नीटनेटका द्यायचा होता. शेवटची गाठ मारून झाल्यावर तिनं एकदा केसांवरून हात फिरवला आणि रांजणाजवळ ठेवा, एवढंच बाईंना सांगितलं.

बिभीषणला तिनं आकडा सांगितला, कारण तो मुलगा आहे. तो रविवारची सुटी टाकून तिच्याबरोबर सांगोल्याला आला. बाजारात त्यानं टॉवेल पुढं केला, पण हात तिनं घातला. बाजारातल्या म्हाताऱ्यांनी असली बाई बघितली नव्हती, ते जागा करून मागं सरले. सहा मेंढ्या आणि एक मेंढा घेऊन ती दोन दिवस चालत गावात शिरली, मेंढ्यांच्या मागून, जसं ठरवलं होतं तसं. वेशीपाशी दोघीतिघींनी विचारलं, तानाबाई, एसटी चुकली व्हय? तिनं हसून काठीनं पुढच्या मेंढ्या दाखवल्या.

यंदा जानेवारीत नंदीश हुरडा खायला मंगळवेढ्याकडं आला. मित्राच्या शेतावर आला होता, पण वाट वाकडी करून तानाबाईच्या रानात पोचला. आत्याला जाऊन वर्ष झालं होतं, त्याचा प्रसाद आणला होता. तिनं त्याला बाजेवर बसवलं, ताक दिलं. त्यानं ताक संपवलं, इकडंतिकडं बघितलं आणि अखेर विचारलंच, आता तरी सांगा, कोट केवढ्याला गेला?

“हितं समोर चरतोय की,” तानाबाई म्हणाली. “मोजून घ्या. कोकरं तेवढी सोडून मोजा.”

नंदीश खरंच उठून मोजायला लागला. मेंढ्या काही एका जागी थांबत नाहीत. चारपर्यंत गेला की एखादी झुडपामागं जायची. तेवढ्यात तानाबाईनं वाघरीतून, म्हणजे मेंढ्यांच्या जाळीच्या कुंपणातून, परवा जन्मलेलं कोकरू उचललं आणि नंदीशला काही कळायच्या आत त्याच्या हातात ठेवलं. बिराजदारांच्या घरात कुणी कातड्याला हात लावत नाही, पण हे ऊबदार होतं, धडपडत होतं, त्याला टाकून कसं देणार? नंदीशनं ते छातीशी धरलं. त्याची बोटं आपोआप काळ्याभोर, बारीक कुरळ्या जावळात गेली आणि तो मोजायचा थांबला.

“हा आत्याचा कोट आहे की,” तो हळूच म्हणाला.

“व्हय,” तानाबाई म्हणाली. “पर ह्यो जित्ता हाय.”

कोकरानं ओरडून पाय झाडले, तेव्हा नंदीशनं वाकून ते खाली सोडलं, आणि ते आईकडं पळालं.